पेढ्यांचा फोटो कुणी टाकला?

मुक्ता: काल संध्याकाळी इथे पेढ्यांचा फोटो कुणी टाकला? अमेरिकेची सिटिझन झाल्यावरचं माझं पहिलं मतदान होतं, तेही हॅरिस यांना. रजा टाकून दीड तास रांगेत उभी होते. घरात कुणी धड जेवलेलं नाही.

नंदूकाका: मी टाकला. ट्रम्प अध्यक्ष म्हणून निवडून आले, मला आनंद झाला, त्यात काय चुकलं? बाकी मूळ चूक बायडेन यांची. २१ जुलै २०२४ ला उमेदवारी सोडली. त्यांच्या जागी आलेल्या कमला हॅरिसबाईंना प्रचाराला जेमतेम १०७ दिवस मिळाले.

शैलाआत्या: मुक्ता, मनाला लावून घेऊ नकोस गं. फराळाचं पार्सल पोचलं का?

मुक्ता: पोचलं आत्या. एकही चकली मोडली नाही.

मंदारदादा: तुझ्या न्यू जर्सीत तर तुम्ही डेमोक्रॅट्सच जिंकलात ना?

मुक्ता: कसे जिंकलो ते बघ. २०२० ला बायडेन १६ टक्क्यांनी पुढे होते, या वेळी पाच-सहा. इथून जवळची पॅसेइक काउंटी तर ट्रम्पकडे गेली.

नंदूकाका: तेच म्हणतोय. १०७ दिवसांत कोण काय करणार?

अण्णा: नंदू, पुरे. १९८४ साली डेमोक्रॅट मॉन्डेल यांना मिनेसोटा आणि वॉशिंग्टन डीसी एवढंच मिळालं होतं. ४९ राज्यं रिपब्लिकन रेगनकडे. आठ वर्षांनी डेमोक्रॅट क्लिंटन आलेच की.

अद्वैत: अण्णा, तेव्हा प्रतिनिधीगृह डेमोक्रॅट्सकडे राहिलं होतं. आता सिनेटही गेलं.

वृंदावहिनी: बेळगावचे डेमोक्रॅट श्री ठाणेदार मात्र डेट्रॉइटमधून परत निवडून आले हो! 🙏

मंदारदादा: ठाणेदार आले म्हणजे चौकी शाबूत.

नंदूकाका: पण डेट्रॉइटचं मिशिगन राज्य ट्रम्पनाच. १०७ दिवस!

मंदारदादा: मुक्ता, राग मानू नकोस, पण दोन शनिवार पेन्सिल्व्हेनियात प्रचाराला दारोदार फिरलीस. आजीच्या मोतीबिंदूच्या वेळी तुला रजा नव्हती.

शैलाआत्या: मंदार!! इथे नको.

अण्णा: हे फोनवर बोला.

मुक्ता: बोलेन. दादा, तुझं बरोबर आहे, मला ते लागून राहिलंय. पण दारांचं निघालंच म्हणून सांगते. तिथल्या बक्स काउंटीत एका आजींनी दार उघडलं आणि फ्रिजवर चिकटवलेली किराण्याची दोन बिलं आणून दाखवली. एक जुनं, एक नवं. दोन्हींवर अंड्यांभोवती पेनाने गोल. आमच्या हातातल्या प्रचाराच्या कागदावर लोकशाही होती, गर्भपाताचा हक्क होता. दोन्ही मला मनापासून पटतात, म्हणून तर गेले होते. अंड्यांबद्दल कागदावर काही नव्हतं. मी सांगितलं, महागाईचा दर जून २०२२ मध्ये ९.१ टक्के होता, आता अडीचच्या आत आलाय. त्या म्हणाल्या, मग भाव का उतरले नाहीत? दर उतरला म्हणजे भाव उतरत नाहीत, फक्त चढायचे हळू होतात. हे त्यांना दारात उभं राहून कसं सांगायचं? काल सिनेटर बर्नी सँडर्सही हेच बोलले, पक्षाने कामगारांना सोडलं म्हणून कामगारांनी पक्षाला सोडलं. पुढचा उमेदवार कोण याच्या याद्या आजपासूनच फिरतायत, मला बघवत नाहीत. पक्षाने आधी त्या आजींकडे परत जावं, आणि तो कागद घरी ठेवून जावं.

अद्वैत: ताई, माझ्या एच-१बी व्हिसाचं (नोकरीच्या) काय होईल गं?

मुक्ता: रविवारी फोन कर, नीट बोलू.

नंदूकाका: फोटो डिलीट केला बरं का. १०७ दिवसांचं मात्र खोटं नाही.

शैलाआत्या: मुक्ता, आई जागी आहे. आत्ता व्हिडिओ कॉल लाव.