कर्णाची दोस्ती आणि कापसावरची ड्युटी

देशांनी एकमेकांशी कर्णासारखी मैत्री निभवावी असं कोणी म्हणतं, ते ऐकायला भारी आहे, पण कर्णानं दुर्योधनासाठी राज्य नाकारलं ते स्वतःचं, शेजाऱ्याचं नाही. व्यापारात सोडतं सरकार आन् सोसतं भलतंच कोणी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारनं कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी काढली, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबर, म्हणजे नेमकं आमच्या यवतमाळकडचा कापूस वेचून बाजारात यायच्या टायमाला. आन् दोस्त म्हणवणाऱ्या अमेरिकेनं त्याच महिन्यात आपल्यावर ५० टक्के टॅरिफ लावलाच की!

सूतगिरण्यांना स्वस्त कापूस पाहिजे होता हे मान्य, त्यांची अडचण काही खोटी नव्हती. पण खेडा खरेदीवाले, म्हणजे गावात फिरून कापूस घेणारे व्यापारी, आमच्या दारात येऊन बाहेरच्या देशातून आलेल्या कापसाच्या गाठींचं कारण सांगूनच भाव पाडून मागत होते.