मॅक्सटोकचे चार शिलिंग

मध्ययुगीन ख्रिस्ती मठांत गवयांना पाद्र्यांपेक्षा जास्त पैसे मिळत, म्हणजे तिथे धर्म मागे पडला होता, असं कुणी कुणी म्हणतं. मला ते पटत नाही. इंग्लंडमधल्या मॅक्सटोक मठाची 1441 ची नोंद बघा, 18व्या शतकात इंग्रजी काव्याचा इतिहास लिहिणाऱ्या टॉमस वॉर्टनने दिलेली. वार्षिक स्मृतिविधीला कॉव्हेंट्रीहून आठ पाद्री बोलावले, त्यांना मिळून 2 शिलिंग. जेवणाच्या दालनात गायला-वाजवायला सहा कलावंत, त्यांना 4. शिलिंगाचे 12 पेन्स, म्हणजे पाद्र्याला 3 आणि कलावंताला 8.

पण हे कलावंत शेजारच्या गढीतल्या लॉर्ड क्लिंटनच्या पदरचे होते! त्यांच्या हातावर ठेवलेला पैसा त्यांच्या धन्याचाही मान राखत होता. इंग्लंडमधल्याच डरॅमच्या मठात तर अशा रकमा 'प्रायरने (म्हणजे मठाच्या प्रमुखाने) दिलेल्या भेटी' या सदराखाली पडत. ती मजुरी नव्हे, बिदागीच.

मला सगळ्यात भावतं ते पुढचं. त्या रात्री हे सहाजण उपमठाधिपतीसोबत रंगवलेल्या खोलीत जेवले आणि त्यासाठी कोठीतून आठ जाडजूड मेणबत्त्या काढून दिल्या. हिशेब लिहिणाऱ्याने त्याही टिपून ठेवल्या.