गाडी दीड-दोन इंच उचलताना काय घेतलंत, का घेतलंत? (अनुभव धागा)

इंदूर, महू, देवासकडच्या मंडळींसाठी हा धागा काढतोय. चोरलच्या बाजूला, जानापावच्या पायथ्याला पावसाळ्यात गाडी घालणारे आपल्यात बरेच आहेत. काळी माती भिजली की चाकोऱ्या खोल होतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. मग उंची वाढवायचं मनात येतं, आणि दुकानात गेलं की सगळ्यांपुढे एकच किट ठेवतात. म्हणून विनंती: गाडी कोणती, तिच्यावर कायमचं वजन किती आणि कोणता भाग कशासाठी निवडलात, हे लिहा. दोन इंचांपर्यंतच्याच लिफ्टबद्दल बोलू. पहिला अनुभव माझाच.

राजेंद्रनगर, व्ही-क्रॉस

पिकअप रिकामी असली की मागून उंच, पुढून खाली. मला पुढची बाजू जास्त उचलायची होती. काही विकत घ्यायच्या आधी गाडी धरमकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) आणि लोखंडी बंपर बसणार होता, त्याचं वजन त्यात मिळवलं. स्प्रिंग या आकड्यावरून निवडायची. चांगले उत्पादक एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या वजनाला जुळणाऱ्या स्प्रिंगा काढतात. विंच नसलेल्या गाडीला जड स्प्रिंग घातली तर पुढचा भाग ताठ राहतो, गचके बसतात. हलकी स्प्रिंग विंचखाली दबते आणि पैसे पाण्यात जातात.

स्पेसर स्वस्त, म्हणून पुष्कळजण तिकडे वळतात. पण स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि तिचे हेलकावे आवरणारा शॉक यांच्या जोडणीच्या) वर स्पेसरची चकती ठेवली तरी स्ट्रट तोच, त्याची चाल (वर-खाली होण्याचं अंतर) तेवढीच. चाक पूर्ण खाली लोंबलं की बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट (चाकाकडचे वळणारे सांधे) आधीपेक्षा जास्त कोनात वाकतात. मी स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉक एकत्र घेतला, सुमारे 40 मिमी. एवढ्या उंचीला मूळचा वरचा आर्म (चाक धरणारा दांडा) चालला, कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कल) कंपनीच्या मर्यादेत बसला. बसला नसता तर आर्म बदलणं आलंच असतं. अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्या, नुसतं ‘हो गया’ ऐकून निघू नका.

शॉक ट्विन-ट्यूब (दुहेरी नळीचे) घेतले. मोनोट्यूब (एकेरी नळीचा) लवकर थंड होतो, लांबच्या खडबडीत रस्त्यावर त्याचा जोर कमी पडत नाही. पण त्याच्या नळीला दगडाचा पोचा बसला की आतला पिस्टन तिथेच अडकतो. नदीपात्रातल्या गोट्यांत जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

महू, जुनी सीआरडीई थार

दादा, आमच्या जुन्या थारला पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), मागे कमानी (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). टॉर्शन बारचा बोल्ट आवळला की गाडी फुकटात उठते. पण चाकाची एकूण चाल वाढत नाही, खाली जाण्याची जागा तेवढी कमी होते. खड्ड्यात चाक लवकर हवेत राहतं. म्हणून मी अगदी थोडंच आवळलं.

मागे तीन मार्ग होते. लांब शॅकल (कमानीचं टोक गाडीला जोडणारी कडी): शॅकल दोन इंच वाढवलं तर गाडी साधारण एकच इंच उठते, शिवाय पिनियनचा (मागचा एक्सल फिरवणाऱ्या गिअरचा) कोन बदलतो. दुसरा, देवास नाक्याकडच्या कमानीवाल्याकडून जुन्या कमानींना पुन्हा बाक देऊन घ्यायचा. स्वस्त आहे, पण थकलेलं पोलाद वजनाखाली परत बसतं. तिसरा, नवा कमानींचा संच. मी तोच घेतला, सोबत नवे यू-बोल्ट (कमानी एक्सलला बांधणारे). जुने एकदा ताणलेले असतात, ते परत लावू नयेत.

सुदामानगर, जिम्नी

जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग एक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच आडवा भाग) आणि कॉइल स्प्रिंग. गाडी उचलली की पॅनहार्ड रॉडमुळे (एक्सलला गाडीच्या सांगाड्याशी आडवा जोडणारा दांडा) एक्सल थोडा बाजूला सरकतो आणि कॅस्टर कमी होऊन स्टिअरिंग सैल वाटू लागतं. म्हणून कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड आणि कॅस्टर सुधारणारे बुश (सांध्यात बसणारे रबरी तुकडे) मी स्प्रिंगांच्याही आधी ठरवले. चाक पूर्ण लोंबवून ब्रेकची नळी आणि एबीएसची तार ताणत नाही ना, तेही स्वतः वाकून पाहिलं.

डिफरन्शियल (डिफ, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) एक्सलवरच असतं, त्यामुळे लिफ्टने ते वर जात नाही. ते फक्त मोठ्या टायरने उठतं. 195/80 आर 15 च्या जागी 215/75 आर 15 घातला तर व्यास जेमतेम 10 मिमी वाढतो, म्हणजे डिफ 5 मिमी वर! लिफ्टचा खरा फायदा गाडीच्या पोटाला आणि पुढच्या-मागच्या कोनांना (चढ-उतारावर बंपर न टेकण्याला).

आई माझ्यासोबत मांडूला आणि ओंकारेश्वरला येते. तिला चढता येईल एवढीच उंची ठेवायची होती, म्हणून दीड इंचावर थांबले. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं गाडीत बसतात, त्यांनी आधी त्यांना एखाद्या उंच गाडीत बसवून पाहावं.

टिळकनगर, गुरखा

माझं मत वेगळं आहे. आपल्या काळ्या मातीत गाडी बहुतेक वेळा टायर चिखलाने गच्च भरल्यामुळे अडकते. गुरखाला पुढचे-मागचे दोन्ही डिफ लॉक (एक चाक घसरलं तरी दुसऱ्यालाही जोर देणारी सोय) कंपनीतूनच आहेत. मी पैसे चांगल्या मड टायरवर घातले, टपावरचं सामान खाली आणलं आणि लिफ्ट केलीच नाही. गाडीचा तोल वर जाऊ देणं मला घाटात नको वाटतं.

स्नेहलतागंज, थार

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सगळ्यांनी वाचावं. नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. पैसे घालण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही विचारा.

धागाकर्ता

टिळकनगरवाल्या काकांचा मुद्दा पटतो. माझीही टायरची खरेदी आधी झाली होती. बसवण्याबद्दल एक राहिलं. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना शेवटचे आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पडल्यावर आवळायचे, नाहीतर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. स्प्रिंगा थोड्या बसल्या की अलाइनमेंट पुन्हा, यू-बोल्ट पुन्हा, आणि हेडलाइटचा झोतही खाली घ्या, समोरच्याच्या डोळ्यांवर येतो.

आता मला मागच्या कमानी घ्यायच्या आहेत. मागे रोज सामान नसतं, पण सहलीला पाणी आणि तंबू धरून बराच भार होतो. अशा वापरात कोणी व्ही-क्रॉस किंवा हायलक्सच्या कमानी बदलल्या असतील, तर रिकाम्या गाडीला त्या किती कडक लागतात ते लिहा.