वळणारी स्क्रीन म्हणजे आळस? मला अजिबात पटलेलं नाही

जमिनीलगत:
परवा 'काचेतला डोळा' यांनी लिहिलं की ज्याला गुडघे टेकायचा कंटाळा त्याने फोटोग्राफी सोडावी, कॅमेऱ्याची वळणारी स्क्रीन ही आळशी लोकांची सोय आहे आणि व्ह्यूफाइंडरला, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या बघायच्या छोट्या खिडकीला, डोळा लावल्याशिवाय फ्रेम दिसतच नाही. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवलं नाही.

माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, खाली बसलो की उठायला आधार लागतो. पण ते बाजूला ठेवा, मला दया नकोय. धडधाकट माणूस तरी जमिनीपासून वीतभर उंचीवरच्या व्ह्यूफाइंडरला डोळा कसा लावणार? पालथं पडायचं, मान मागे मोडायची, गाल चिखलात घालायचा, आणि एवढं करून कॅमेरा भिंतीला टेकवायचा असेल तर मागे डोकं मावतच नाही. हात डोक्यावर उंच धरून काढायच्या फोटोत तर गुडघ्यांचा संबंधच येत नाही.

कॅमेरा कुठे ठेवायचा हे समोरच्या विषयाने ठरवावं, माझा डोळा किती उंचीवर आहे त्याने नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. सपाट मैदानात क्षितिज प्रत्येक गोष्टीला कॅमेऱ्याच्या उंचीवर कापतं. उभं राहून डोळ्याच्या उंचीवरून माणूस टिपला की क्षितिज त्याच्या डोळ्यांतून जातं आणि मागची कुंपणं, गाड्या, झुडपं सगळी त्याच्या छातीला चिकटतात. तोच कॅमेरा गुडघ्यापर्यंत खाली आणा, गुडघ्याच्या वरचा अख्खा माणूस आभाळावर येतो. लेन्स तीच, उजेड तोच, अंतर तेच. हे बघायला मला स्क्रीन वर वळवावी लागते, यात आळस कुठे आला?

आणि हे काही काल आलेलं फॅड नाही. रोलायफ्लेक्स हा कॅमेरा 1929 सालचा, त्यात मान खाली घालून वरून काचेतच बघायचं, तेही डावं-उजवं उलटं दिसायचं. फोटोग्राफर व्हिव्हियन मायरने रस्त्यावरची कितीतरी माणसं तशीच टिपली. तिला आळशी म्हणणार का तुम्ही?

काचेतला डोळा:
माझं अर्धंच वाक्य उचललंत. मी 'सवय' म्हणालो होतो. गरज म्हणून स्क्रीन उघडणं वेगळं आणि कॅमेरा पिशवीतून काढला की पहिल्यांदा स्क्रीन उघडणं वेगळं, मी दुसऱ्याबद्दल बोललो.

अनुभव सांगतो. एका नृत्याच्या कार्यक्रमात अख्खी संध्याकाळ कमरेवरून स्क्रीन बघत फोटो काढले. रात्री घरी बघतो तर निम्म्या फ्रेममध्ये मागचे खांब आत झुकलेले, दोघींच्या डोक्यातून दाराचा दिवा उगवलेला, आणि हनुवट्या केवढ्या मोठ्या! कारण उघड आहे, कमरेवर धरलेला कॅमेरा चेहऱ्याकडे बघायला नकळत वर झुकतो आणि आतला चित्र टिपणारा सेन्सर तिरका झाला की उभ्या रेषा एकत्र यायला लागतात. व्ह्यूफाइंडरमध्ये भोवती काळं असतं, नजर आपोआप कडांवर जाते. स्क्रीनच्या कडेला मात्र तुमचे बूट, तुमचा पट्टा, बाजूचा माणूस, सगळं जग असतं. शिवाय डोळा लावला की कपाळाचा तिसरा आधार मिळतो, हात लांब करून धरलेला कॅमेरा थरथरणारच.

उन्हात त्या स्क्रीनवर काय दिसतं तेही एकदा सांगा. मला तर स्वतःचा चेहराच दिसतो.

मुंगीमागे:
थरथर, ऊन वगैरे सगळं मान्य, पण मी वीस वर्षं किड्यांच्या मागे आहे आणि स्क्रीन नसती तर हे काम केव्हाच सोडलं असतं. किडा पळतो तो डोक्याच्या हालचालीने आणि डोक्याच्या सावलीने. गवतात फक्त लेन्स पुढे सरकवायची आणि आपण हातभर मागे राहायचं, हे व्ह्यूफाइंडरने कसं जमवणार? आधी काटकोनातला फाइंडर लावायचो, व्ह्यूफाइंडरच्या काचेवर बसवायचा आणि वरून वाकून बघायचं. त्यात चित्र अंधुक आणि डोकं तरीही कॅमेऱ्याच्या वरच. एका गांधीलमाशीच्या पोळ्यापाशी तो लावून वाकलो होतो, डोळ्याच्या वर डसली, चार दिवस डोळा उघडला नाही. त्यानंतर डोळा लावण्याचे फायदे मला कुणी ऐकवू नयेत.

आडवा उभा:
तुम्ही सगळे 'स्क्रीन, स्क्रीन' म्हणताय पण कुठली? वर-खाली होणारी टिल्ट की बाजूला उघडून फिरणारी? दोन्ही एकाच तागडीत टाकून भांडताय म्हणून हे कधीच संपत नाही.

टिल्ट लेन्सच्या मागेच राहते. मी खाली बघतो, हात जिकडे तिकडेच चित्र, मेंदूला हिशेब करावा लागत नाही. बाजूला उघडणारी स्क्रीन लेन्सच्या डावीकडे लांब लटकते, धावणाऱ्या पोराच्या मागे कॅमेरा फिरवायचा तर मी नेहमी थोडा भलतीकडेच रोखलेला असतो. आणि हे कंपन्यांना माहीत नाही असंही नाही. फुजीने 2016 च्या एक्स-टी2 कॅमेऱ्याला तीन दिशांना वळणारी सुंदर स्क्रीन दिली, 2020 ला एक्स-टी4 मध्ये ती काढून बाजूला उघडणारी लावली, लोक एवढे चिडले की 2022 च्या एक्स-टी5 ला परत जुनी आणावी लागली!! सोनीच्या ए7 III ला टिल्ट होती, ए7 IV ला बाजूची. का? व्हिडिओत स्वतःचं तोंड बघणाऱ्यांसाठी. आम्ही स्थिर फोटो काढणाऱ्यांनी काय पाप केलं?

केबलवाला:
अहो, जरा थांबा. साधी टिल्ट उभ्या फ्रेमला काय कामाची? कॅमेरा उभा धरला की तुमची लाडकी स्क्रीन उजवीकडे नाहीतर डावीकडे वळते, वर वळतच नाही. जमिनीवरून उभी फ्रेम घ्यायची असेल तर परत पालथे पडा. बाजूला उघडणारी आडव्याला चालते, उभ्याला चालते, डोक्यावर चालते आणि पिशवीत टाकताना काच आत वळवून बंद करता येते.

आणि 'स्वतःचं तोंड बघणारे' हे शब्द मागे घ्या. मी एकटा काम करतो, माझा कॅमेरा धरायला दुसरं कुणी नसतं. फ्रेममध्ये मी नीट उभा आहे का हे समोरून दिसणं ही माझ्या पोटाची गोष्ट आहे.

आडवा उभा:
उभ्या फ्रेमला चालत नाही ते साध्या, दोनच दिशांच्या टिल्टला. तीन दिशांची बाजूलाही उघडते, मी तिचंच नाव घेतलं होतं, वाचायचं तरी. शब्द मागे घेतो, ते चुकलं माझं. पण तुम्ही एकटे असता म्हणून माझ्या कॅमेऱ्याची बिजागरी का बदलायची? आणि केबलचं काय? बऱ्याच कॅमेऱ्यांत माइकची पिन लावली की उघडलेली स्क्रीन तिच्यावर आपटते. व्हिडिओवाल्यांसाठी केलेली स्क्रीन व्हिडिओच्याच केबलला अडते.

केबलवाला:
हे खरं आहे, आणि त्याचा त्रास तुमच्यापेक्षा मला जास्त होतो. म्हणून तर मी वर पाच इंची मॉनिटर लावतो, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर अवलंबूनच राहत नाही. उन्हात दिसेल एवढा प्रखर, हवा तसा वळतो, कॅमेरा जमिनीवर आणि मॉनिटर माझ्या हातात असंही करता येतं. अडचण मॉनिटरची केबल लावायच्या त्या मायक्रो एचडीएमआय पोर्टची आहे, इतकं नाजूक भोक कुणी ठरवलं कळत नाही. एकदा केबलला पाय अडकला आणि पोर्टच आतून सैल झाला, दुरुस्तीत कॅमेरा तीन आठवडे गेला. तेव्हापासून केबल कॅमेऱ्याभोवतीच्या धातूच्या पिंजऱ्याला क्लॅम्पने आवळल्याशिवाय मी जोडतच नाही.

पाचवी रांग:
मॉनिटर ज्याला मांडायला वेळ आहे त्याला ठीक. मी पत्रकार परिषदांना जायचो, पुढे चार रांगा पाठी आणि खांदे. आम्ही कॅमेरा दोन्ही हातांनी वर धरून, वाइड लेन्स लावून, अंदाजाने शटर दाबत राहायचो. चाळीस फोटोंतून तीन कामाचे निघाले तर नशीब, बाकी छत किंवा टक्कल. स्क्रीन खाली वळवता यायला लागली त्या दिवशी मी पहिल्यांदा वरून फ्रेम *रचली*. माणूस जमिनीवर सुटा दिसला, टेबलावरचे कागद दिसले, हात दिसले. ज्यांना कपाळाचा तिसरा आधार हवाय त्यांनी पाचव्या रांगेत येऊन दाखवावं.

काचेतला डोळा:
आवाज चढवायची गरज नाही. मी पाचव्या रांगेबद्दल बोललोच नव्हतो.

आणि जमिनीलगत, इतिहास काढलात म्हणून सांगतो. रशियन फोटोग्राफर रोडचेन्कोने 1928 मध्ये लिहिलं होतं की वरून बघा, खालून बघा, तिरकं बघा, फक्त बेंबीच्या उंचीवरून नको. म्हणजे तुमच्या त्या रोलायफ्लेक्सच्याच उंचीवर तो तुटून पडला होता. आज स्क्रीन उघडणारे बहुतेक लोक नेमके तिथेच थांबतात, पोटापाशी. जमिनीपर्यंत कुणी जात नाही, डोक्यावर कुणी नेत नाही. माझा राग त्यावर आहे.

जमिनीलगत:
मग हे आधी लिहायचं होतंत! 'फोटोग्राफी सोडावी' असं लिहून वर म्हणताय राग पोटाच्या उंचीवर आहे. हा मुद्दा मला मान्य आहे, पूर्ण मान्य, मीसुद्धा खूप दिवस पोटापाशीच अडकलो होतो. पण रोडचेन्को तुमच्या बाजूने बोलत नाही, तो डोळ्याच्या उंचीला चिकटून बसणाऱ्यांच्या बाजूने तर मुळीच नाही.

खांब झुकण्याचं म्हणाल तर ती स्क्रीनची चूक नाही. कॅमेरा सरळ आहे का हे दाखवणारी इलेक्ट्रॉनिक लेव्हल कॅमेऱ्यात असते, ती चालू ठेवा, कॅमेरा सरळ धरा आणि चेहरा हवा असेल तर कॅमेरा तिरका न करता पूर्ण वर उचला. थरथरीला पट्टा मानेवर ताणून धरा, तोच तिसरा आधार होतो. उन्हाचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. पोलराइज्ड चष्मा घातला असेल तर काही कोनात स्क्रीन पार काळी पडते, मी दोनदा कॅमेरा बिघडला समजून घाबरलोय.

आडवा उभा:
काळी पडण्यावरून आठवलं. काही कॅमेऱ्यांत टिल्ट उघडून पोटाजवळ धरला की व्ह्यूफाइंडरला डोळा लावलाय का हे ओळखणारा सेन्सर शर्टालाच डोळा समजतो आणि चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये पाठवतो. ऐन क्षणाला स्क्रीन बंद! स्क्रीन उघडी असताना सेन्सर आपोआप बंद व्हायला पाहिजे, काही कॅमेऱ्यांत होतोही, मग सगळ्यांत का नाही? ज्यांनी हे बनवलं त्यांनी तो कॅमेरा एकदा तरी पोटाशी धरून बघितला होता का?

केबलवाला:
बाजूला उघडणारीत हा त्रास मला कधी झाला नाही. बस एवढंच म्हणतो.

आडवा उभा:
म्हणा. त्या बदल्यात लेन्स एकीकडे आणि नजर दुसरीकडे. सोनीने 2022 च्या ए7आर V मध्ये दोन्ही बिजागऱ्या एकत्र केल्या, टिल्टही होते, बाजूलाही उघडते. करता येतं हे सिद्ध झालंय, तरी सगळे करत नाहीत.

मुंगीमागे:
जास्त बिजागऱ्या म्हणजे धूळ आणि पाणी शिरायला जास्त फटी. माझी एक स्क्रीन शेवाळात गेली, पट्टीची वायर आतून तुटली, बाहेरून काही दिसत नव्हतं. मला कमीत कमी हलणारी पाहिजे, पण वर वळणारी पाहिजेच.

काचेतला डोळा:
ठीक आहे. किड्यांना, पाचव्या रांगेला आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला माझी हरकत नाही, तशी ती आधीही नव्हती पण लिहिताना सुटलं, ते वाक्य कडक झालं. कार्यक्रमात मी व्ह्यूफाइंडरनेच काढणार. मैदानात क्षितिज गुडघ्याखाली आणून बघतो या आठवड्यात, लेव्हल चालू ठेवून. खांब झुकले तर इथेच टाकेन.

जमिनीलगत:
टाका. त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, एक डोळ्याच्या उंचीवरून आणि एक गुडघ्याखालून, दोन्ही टाका. आणि मधे पोटापाशी थांबू नका.