मदत हवी आहे: नेरूळच्या १० बाय १२ च्या खोलीत होम थिएटर, बजेट सव्वा लाख (पीओपी लागायच्या आत!)

हार्बरवाला:
नमस्कार मंडळी. नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये रीसेलचा फ्लॅट घेतलाय, सध्या आत तोडफोड चालू आहे. आतली १० बाय १२ ची खोली सिनेमासाठी ठेवायची असं घरात बहुमताने ठरलंय. आई तटस्थ. पुढच्या आठवड्यात पीओपीवाला येणार, त्याआधी वायरिंग संपायला हवं. इलेक्ट्रिशियन रोज सकाळी विचारतो, "साहेब, पॉइंट कुठे काढू?" आणि घोडं नेमकं तिथेच अडलंय.

खोलीची उंची साडेनऊ फूट. समोरची १० फुटी भिंत पूर्ण मोकळी, स्क्रीन तिथेच येणार. मागची १० फुटी भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. एका लांब भिंतीत पश्चिमेची खिडकी, दुपारी तीननंतर ऊन थेट आत. दुसऱ्या लांब भिंतीत दार. खालच्या मजल्यावरचे आजोबा साडेनऊला झोपतात, हे त्यांनी ओळख करून देतानाच सांगितलं.

सव्वा लाखात चित्र, आवाज, वायरी सगळं बसवायचंय. सोफा आणि एसी त्यात धरलेला नाही. सुतारकाम बऱ्यापैकी जमतं, ड्रिल आणि जिगसॉ घरचं आहे.

वाशीत सेक्टर १७ ला दुकानं फिरलो तर गोंधळ वाढला. एकाने ३२ हजारांचा प्रोजेक्टर दाखवला, खोक्यावर '९००० लुमेन' आणि '४के सपोर्ट', वर १२० इंची पडदा फुकट. दुसरा म्हणाला, साउंडबारचं ५.१ पॅकेज (पाच बाजूंचा आवाज आणि खर्जासाठी एक सबवूफर) घ्या आणि सुखी व्हा. तिसऱ्याने रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा) आणि सुटे स्पीकर ऐकवले. आवाज ऐकून अंगावर काटा आला, कोटेशन बघून पुन्हा आला.

प्रोजेक्टर की टीव्ही? पैसे जास्त कशावर घालू? भिंतींना ते काळं फोम लावावंच लागतं का? आणि सगळ्यात घाईचं: वायरी कुठून कुठे टाकून ठेवू?

तुटका रिमोट:
तो ३२ हजारांचा प्रोजेक्टर विसरा. खोक्यावरचे ९००० लुमेन, म्हणजे उजेडाचा आकडा, कोणत्या मापाने मोजलेत ते दुकानदाराला विचारा, तो विषय बदलेल. एएनएसआय किंवा आयएसओ (प्रमाणित पद्धतीने मोजलेले) लुमेन लिहिले असतील तरच आकड्याला अर्थ. 'सपोर्ट' या शब्दाचंही तेच. ४के सपोर्ट म्हणजे ४के सिग्नल आत घेतो एवढंच, आतलं पॅनेल ७२०पी, म्हणजे ४के पेक्षा कितीतरी कमी बारकाव्याचं असू शकतं. 'नेटिव्ह रेझोल्यूशन' कुठे लिहिलंय ते शोधा, बहुधा खोक्याच्या बुडाशी बारीक अक्षरात सापडेल.

आणि १२० इंची पडदा तुमच्या भिंतीवर कसा लावणार? त्याची रुंदीच ८ फूट ९ इंच. उरलेल्या जागेत स्पीकर उभे राहणार नाहीत, फार तर उदबत्तीचं घर राहील. शिवाय तोच उजेड ९२ इंचांऐवजी १२० इंचांवर पसरला की १.७ पट क्षेत्रफळावर पातळ होतो.

मधली सुट्टी:
म्हणून प्रोजेक्टरच बाद करू नका हो. माझ्याकडे ऐरोलीत जवळपास एवढीच खोली आहे आणि मोठ्या पडद्याची मजा टीव्हीला नाही.

गणित सोपं आहे. लेन्सचा थ्रो रेशो गुणिले पडद्याची रुंदी, की अंतर मिळतं. ९२ इंची पडदा ८० इंच रुंद असतो. रेशो १.२ असेल तर लेन्स पडद्यापासून ९६ इंचांवर, म्हणजे ८ फुटांवर. प्रोजेक्टरची लांबी आणि मागे हवा खेळायला फूटभर धरलं तरी १२ फुटांत आरामात बसतं. पडदा घरीच करा: ॲल्युमिनियम सेक्शनची किंवा लाकडी चौकट, त्यावर ब्लॅकआउट पडद्याचं पांढरं कापड ताणून स्टेपल, कडेला काळ्या मखमलीची तीन बोटांची पट्टी. पट्टीने चित्राची कड अशी काही उठून दिसते की पाहुणे विचारतात, पडदा कितीला घेतला. फ्लेक्स बॅनर मात्र वापरू नका, मधोमध दिव्याचा चट्टा दिसतो.

खिडकी पूर्ण बंद करता येत असेल तरच हे सगळं. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. खोलीत जेवढा अंधार, तेवढाच पडद्यावरचा काळा. दुपारी तिथे कोण काय बघणार आहे?

हार्बरवाला:
दुपारी बाबा क्रिकेट बघणार. खिडकी उघडी ठेवून. यावर चर्चा होऊ शकत नाही.

तुटका रिमोट:
मग निकाल लागला, टीव्ही घ्या. डोळे पडद्यापासून ९ फुटांवर येतील असं धरतो, कारण सोफा मागच्या भिंतीला अगदी चिकटवायचा नाही. तिथून ६५ इंची टीव्ही नजरेच्या साधारण ३० अंशांत बसतो. सिनेमासाठी किमान तेवढं हवं, अशी एसएमपीटीई या तंत्रज्ञांच्या संघटनेची जुनी शिफारस आहे. ५५ इंची घेतला तर २५ अंश. मधली सुट्टी यांचा ९२ इंची पडदा ४० अंश भरेल, तो खरा थिएटरचा अनुभव, हे मी नाकारत नाही. पण बाबा आणि पश्चिमेचं ऊन यांच्यापुढे कुठलाही प्रोजेक्टर टिकणार नाही.

कोणी २८ टक्के जीएसटी लावून कोटेशन दिलं तर परत करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीलाही १८ टक्केच आहे.

अर्धवट वायरमन:
टीव्ही उद्या बदलता येतो, स्पीकर परवा. भिंतीतला पाइप पुढची पंधरा वर्षं बदलता येणार नाही. तुमचा इलेक्ट्रिशियन योग्य प्रश्न विचारतोय, उत्तर आधी त्याला द्या, दुकानात नंतर जा.

टीव्हीच्या मागे एक आणि खाली युनिटपाशी एक अशी दोन तोंडं काढा आणि मध्ये ५० मिमीचा पीव्हीसी पाइप टाका. इलेक्ट्रिशियन सवयीने २५ मिमी टाकेल आणि 'सगळं जातं साहेब' म्हणेल. वायर जाते, एचडीएमआयचं डोकं वळणात अडकतं. दुसरा पाइप युनिटपासून वर चढवून फॉल्स सीलिंगमधून खोलीच्या मागच्या भागात छतावर काढा आणि आत नायलॉनची दोरी ओढून ठेवा. शेजारी एक बंद प्लग पॉइंट. आज प्रोजेक्टर नाही, पण पाच वर्षांनी मधली सुट्टी यांनी तुम्हाला पटवलं तर पीओपी फोडावं लागणार नाही. त्या लांबीला साधी एचडीएमआय केबल ४के ला दगा देते, तेव्हा फायबरवाली घ्यावी लागेल. तिला दिशा असते: एक टोक सोर्सचं, एक डिस्प्लेचं. उलटी ओढली की चित्र नाही आणि शिव्या पाइपला.

मागच्या दोन स्पीकरच्या वायरीही आत्ताच टाका. बसल्यावर कानाच्या रेषेच्या थोडं मागे, समोरपासून मोजलं तर ११० अंशांच्या आसपास, आणि कानापेक्षा फूट-दीड फूट वर. 'स्पीकर केबल' म्हणून मीटरवर विकतात त्याला भुलू नका. १.५ चौरस मिमीची तांब्याची दोन कोअरची फ्लेक्सिबल वायर या अंतराला भरपूर झाली. लोहार चाळीत घ्या. सीएसएमटीला हार्बर सोडली की चालत जाता येतं.

पॉवर आणि सिग्नल एका पाइपात नको. युनिटला १६ अँपिअरचा पॉइंट स्वतंत्र एमसीबीवर (बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या स्विचवर) घ्या आणि जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंग खरंच आहे का ते मीटर लावून बघायला सांगा. आणि कॉलम-बीमला झिरी (पाइपसाठी खाच) मारू देऊ नका. आडव्या लांब झिऱ्याही नकोत, छतातून फिरवा.

हार्बरवाला:
हे सोन्यासारखं आहे, आजच त्याला वाचून दाखवतो. आवाजाचं काय? साउंडबार की सुटं?

आंबटचिंबट:
पाच वर्षं काही बदलायचं नसेल तर साउंडबारचं पॅकेज घ्या, वाईट नसतं. पण तुम्हाला सुटं ऐकून काटा आलाय, म्हणजे साउंडबार घेतलात तर वर्षभरात इथेच 'साउंडबार विकणे आहे' लिहाल.

सगळं एकदम घ्यायची गरज नाही. पुढचे डावे-उजवे, मधला आणि सबवूफर एवढं आधी, मागचे दोन नंतर. मधल्यावर कंजुषी नको, संवाद सगळे तिथून येतात. लोक भारी सबवूफर घेतात आणि मग सबटायटल लावून मराठी सिनेमा बघतात.

रिसीव्हर वापरलेला घ्या, निम्म्या पैशांत मिळतो. लॅमिंग्टन रोडला बघा किंवा ओळखीत. जुन्या रिसीव्हरमध्ये एचडीसीपी २.२ (४के सिनेमांचं कॉपी-संरक्षण) नसेल तर त्यातून ४के चित्र जाणार नाही, पण त्याने तुमचं अडत नाही. सगळं टीव्हीला जोडा आणि आवाज एआरसीवरून (त्याच एचडीएमआय केबलने टीव्हीकडून उलटा) रिसीव्हरकडे आणा. एआरसी एचडीएमआय १.४ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. ओटीटीचा ५.१ त्यातून येतो. ब्लू-रे डिस्कचा ट्रूएचडी हा न दाबलेला दर्जेदार आवाज हवा असेल तरच ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, लागतं. घेताना टेस्ट टोन लावून प्रत्येक चॅनेल वाजवून बघा आणि कॅलिब्रेशनचा (खोलीनुसार आवाज जुळवायचा) माइक मागून घ्या. विकणाऱ्यांनी तो हमखास हरवलेला असतो.

जोडल्यावर रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो तो आकडा) ८० हर्ट्झ ठेवून सुरुवात करा.

आवाज कमी करा:
माझं आयडी बघून कळलं असेलच मी कुठल्या बाजूचा. भिंतीला फोम चिकटवून शेजाऱ्याकडे जाणारा आवाज थांबत नाही, हे कृपया सगळ्यांनी लिहून घ्या. अंड्यांचे ट्रे लावूनही नाही. फोम आणि कापूस खोलीतला घुमारा कमी करतात. पलीकडे जाणारा आवाज अडवायला वजन लागतं: वीट, जाड जिप्समचे दुहेरी थर, फटी बंद केलेलं भरीव दार. सबवूफरखाली रबर-फोमचं पॅड ठेवलंत तर लादीतून जाणारी थरथर थोडी कमी होईल, पण हवेतून जाणारा बेस (खर्जातला आवाज) आजोबांपर्यंत पोचणारच. रिसीव्हरमध्ये 'नाइट मोड' असतो, तो स्फोट दाबतो आणि संवाद वर ठेवतो. साडेनऊनंतर तो लावा. कायदाही सांगून ठेवतो: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे १० ते ६. पण बिल्डिंगमध्ये कायदा काढायची वेळ येऊ नये. सबवूफर आला की एकदा आजोबांच्या घरी जाऊन बसा आणि वर मुलांना वाजवायला सांगा.

तुटका रिमोट:
यांच्याशी पहिल्यांदाच सहमत.

त्यात भर: तुमची रुंदी १० फूट आणि उंची साडेनऊ, हे जरा नडणार. १० फुटांची खोली ५६ हर्ट्झला घुमते, साडेनऊची ५९ ला. दोन्ही एकमेकांच्या डोक्यावर बसतात, त्यामुळे त्या सुरांचा बेस फुगून येईल. पीओपीने छत खाली आलं तरी फारसा फरक नाही, बेसला पातळ पीओपी दिसत नाही, स्लॅब दिसतो. उपाय फुकट आहे. सबवूफर सोफ्यावर ठेवा, बेस असलेलं काहीतरी लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बेस सगळ्यात स्वच्छ, एकसारखा वाटेल तिथे सबवूफर. घरचे व्हिडिओ काढतील, काढू द्या.

पॅनेल मात्र करा, सुतारकाम येतंय तर लाजता कशाला. २ बाय ४ फुटांची चौकट, आत ५० मिमीची ४८ घनतेची (किलो प्रति घनमीटर) रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची गादी, वर कापड. कापड निवडताना तोंडाशी धरून फुंकर मारा. पलीकडे हाताला लागली तर चालेल, नाही तर परत ठेवा. रेक्झिन म्हणूनच नको. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. जागा शोधायला सोफ्यावर बसा, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यावा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे पॅनेल. तुमच्या एका बाजूला खिडकी येईल, तिथे जाड चुण्यांचा पडदा. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर पॅनेल दोन इंच सोडून टांगा. ओलही लागत नाही आणि खालचे सूरही जास्त शोषले जातात.

हार्बरवाला:
मंडळी, उपकार आहेत. असं ठरवतोय: ६५ इंची टीव्ही ५२ हजारांपर्यंत, वापरलेला रिसीव्हर १७, पुढचे तीन स्पीकर २४, सबवूफर १६, पाइप-वायरी ५, पॅनेल ६. एकूण १ लाख २० हजार. मागचे दोन स्पीकर दिवाळीला, वायरी आत्ताच.

इलेक्ट्रिशियनला ५० मिमी सांगितलं तर म्हणाला, "हा तर ड्रेनेजचा पाइप झाला." पण टाकतोय. आता विचारतोय, कोपऱ्यात एल्बो लावू का?

अर्धवट वायरमन:
एल्बो अजिबात नको. काटकोनात केबल अडकते आणि दोरीही कापली जाते. लांब वळणाचे बेंड आणायला सांगा, एका पाइपला दोनपेक्षा जास्त नको. दोरी पाइपच्या लांबीच्या दुप्पट ठेवा, म्हणजे एक केबल ओढली तरी दुसरीसाठी दोरी आत राहते. छतात कुठून नेलाय त्याचा टेप धरून फोटो काढा. आणि सगळ्या तोंडांना पॅकिंग टेप गुंडाळा. पीओपीवाले उघडा पाइप दिसला की त्यात आधी मसाला भरतात, विचारतात नंतर.