आशा पुथलींनी तालीम वाया घालवली म्हणे!

रावपुरा : परवा 'दांडिया बाजार' या टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी इथल्या चर्चेत लिहिलं की गायिका आशा पुथलींनी मुंबईत शास्त्रीय तालीम घेतली आणि अमेरिकेत जाऊन जाझमध्ये ती वाया घालवली. वाचल्यापासून डोकं तापलंय. १९७१ साली अमेरिकन जाझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' या अल्बममध्ये त्या दोन गाणी गायल्या. त्यात पियानो नाही. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा आधार, धरून ठेवणारं कोणी नाही, खाली चार्ली हेडनचा बास आणि बाजूला ब्रासची गर्दी. सूर कुठे न्यायचा ते गळ्यानेच ठरवायचं. बाई एका सुरावरून दुसऱ्यावर कशा जातात ते कान देऊन ऐका. ही मींड, सुरातून सुरात असं न तुटता सरकणं, तालमीशिवाय येते? 'डाउनबीट' या अमेरिकन जाझ मासिकाच्या समीक्षकांनी दखल घेतली, आणि आपण 'वाया' म्हणून मोकळे.

दांडिया बाजार : लिहिलं मीच, आणि शब्द मागे घेत नाही. दोन गाणी! पुढे सीबीएस या रेकॉर्ड कंपनीसाठी काय गायल्या? पॉप आणि डिस्को. आग्रा घराण्याचे गायक फैयाजखाँसाहेब याच गावात, आपल्या बडोद्यात, १९५० पर्यंत होते. माझ्या वडिलांनी त्यांची नोमतोम, म्हणजे 'नोम्-तोम्' अशा अक्षरांवरची आलापी, समोर बसून ऐकली होती, ते शेवटपर्यंत त्याच आठवणीवर जगले. जाझमध्ये खालची कॉर्ड बदलली की वरच्या सुराचा अर्थ बदलतो. आपला षड्ज, म्हणजे 'सा', तानपुऱ्यात पक्का, सगळं त्याच्याशी नातं जोडून. भैरव रागातला आंदोलित, म्हणजे हळू झुलणारा, कोमल रिषभ ('रे') पियानोच्या कुठल्या पट्टीत आहे, दाखवा.

सूरसागर : आणि पेटीच्या कुठल्या पट्टीत आहे, काका? तुमच्या प्रत्येक बैठकीत पेटी असतेच. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली, त्यातलं एक मोठं कारण हेच होतं.

दांडिया बाजार : पेटी साथीला असते. गायकाच्या मागून जाते, त्याला ओढत नाही.

काळी दोन : मागून जाते म्हणजे काय? पस्तीस वर्षं पेटीची साथ करतोय. गायक तानेत अडकला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कोण दाखवतं? पत्रिकेत गायकाचं नाव ठसठशीत, तबलजीचं त्याखाली, आणि आमचं 'व सहकारी'! मागे एका संस्थेने मानधनाचं पाकीट दिलं, त्यात रिक्षाचं भाडंसुद्धा सुटलं नाही. आणि वर तुम्ही म्हणता, मागून जाते.

दांडिया बाजार : मानधनाचा प्रश्न वेगळा आहे. उगाच अंगावर येऊ नका.

काळी दोन : वेगळा नाही. ज्याला तुम्ही दुय्यम म्हणता, त्याला पैसेही दुय्यमच मिळतात. आंदोलित रिषभ पेटीत नाही हे मलाही माहीत आहे. म्हणून तिथे मी बोट उचलतो आणि गायकाला एकटा सोडतो. जाझचा चांगला पियानोवालाही जागा सोडतो. ऐकलंय कधी?

रावपुरा : अहो, विषय आशाबाईंचा आहे!

अलकापुरी : विषयावरच बोलते. माझी मुलगी लहानपणापासून ख्याल शिकली. कॉलेजात जाझ बँडमध्ये गायला लागली, तेव्हा गुरुजींनी सरळ सांगितलं, एक काहीतरी निवड. तिने तानपुरा गवसणीत घातला तो अजून काढलेला नाही. आता सांगा, तालीम कोणी वाया घालवली? ज्या गावात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली, ज्यांचा नातू इनायत खाँ १९१० साली वीणा घेऊन अमेरिकेला गेला आणि अमेरिकन नर्तकी रूथ सेंट डेनिसच्या नाचाला साथ करत फिरला, त्या गावात हे घडतं. इनायत खाँचा आपल्याला अभिमान वाटतो. मग बाई गेली की वाया कशी?

दांडिया बाजार : ताई, मुलीचं ऐकून वाईट वाटलं. गुरुजींनी तसं करायला नको होतं. पण इनायत खाँ गेले तेव्हा आपलंच संगीत घेऊन गेले होते. डिस्को नाही.

सूरसागर : डिस्को सोडा. ती दोन गाणी ऐकलीत का, एवढंच सांगा.

दांडिया बाजार : ऐकली, आत्ताच. पहिल्या गाण्यात वरचा सूर लावून ठेवलाय तिथे दम दिसतो. गळा तयार आहे, नाही म्हणत नाही. पण ख्यालगायिका मी त्यांना म्हणणार नाही.

रावपुरा : म्हणा असं कोणी सांगितलं? 'वाया' तेवढं काढा.

काळी दोन : आणि 'मागून जाते' पण.