बहिणीला ॲडमिट न करता घरीच सांभाळता येईल का? (वय १७, यवतमाळ जिल्हा)

धुऱ्यावरचा_भाऊ:
नमस्कार मंडळी. लांब लिहून राहिलो, माफ करा, पण कोणाजवळ बोलावं तेच समजत नाही. लहान बहीण आहे, १७ वर्षांची, बारावी सायन्स. नीटच्या क्लाससाठी जिल्ह्याच्या गावी रूम करून दिली होती. दिवाळीला घरी आली तेव्हापासून धड जेवत नाही, रात्रभर जागी, दिवसा भिंतीकडे तोंड करून पडून राहते. परवा रात्री आईला म्हणे, "मले आता जगायचंच नाही, तुमचे पैसे वाया गेले." आई रडत बसली, बाबा उठून अंगणात गेले.

काल एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणे नागपूरला नेऊन ॲडमिट करा. तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत, सगळं आमच्याशीच. बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला, दादा मले तिथं नको ठेवू. तेव्हापासून मला झोप नाही. बाबा वेगळ्याच चिंतेत, पोलीस केस होईल, लोक काय म्हणतील, उद्या सोयरीक कशी जुळेल. कापसाची वेचाई सुरू आहे त्यामुळे दिवसभर घरी फक्त आजी असते.

मी पुण्याला कंपनीत आहे, आठ दिवसांची सुट्टी टाकून आलो. घरी ठेवून इलाज होतो का? होत असेल तर आम्ही नेमकं करायचं काय?

गावातली_आशा:
भाऊ, मी आशा आहे, बरीच वर्षं झाली या कामात. हे वाचून झालं की मोबाईल ठेवा आणि पहिले एक काम करा. घरात, गोठ्यात, वावरातल्या खोलीत फवारणीचं जेवढं औषध पडलेलं आहे, अर्धे उरलेले डबे, तणनाशक, उंदराचं औषध, सगळं आजच घराबाहेर काढा आणि दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी नातेवाईकाकडे ठेवा. घरातच कुलूप लावून ठेवू नका, चावी कुठं लटकते ते पोरांना बरोबर माहीत असते. आजीच्या बीपी शुगरच्या गोळ्यापण एकाच माणसाच्या हातात ठेवा. जीव नकोसा वाटायची लाट येते तशी ओसरतेसुद्धा, पण डबा हाताशी असला तर ओसरायला वेळच भेटत नाही. आपल्याकडे घरोघरी औषध असते म्हणून हे पहिलं सांगून राहिली.

दुसरं, तिला सरळ विचारा. मरायचा विचार येते का, कसं करायचं ते ठरवलं आहे का. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात येत नाही, आम्हाला ट्रेनिंगमधे हेच शिकवलं आणि मी घरोघरी पाहिलं पण आहे, विचारलं की पोरीच्या मनावरचं ओझं थोडं उतरते. ओरडू नका, शपथा घालू नका, "आमचा विचार नाही केला का" असं तर बिलकुल म्हणू नका. ती म्हणाली की ठरवलं आहे, किंवा काही लपवून ठेवलेलं सापडलं, तर मग घरी ठेवायचा विषय संपला, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. आणि देव न करो पण काही घेतलंच असं वाटलं तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ लावा नाहीतर भेटेल त्या गाडीनं जवळचा दवाखाना गाठा.

आज रात्रीच १४४१६ ला फोन करा. टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. ती बोलली नाही तरी तुम्ही बोला, घरच्यांसाठीपण आहे तो नंबर.

कापूसवाला_काका:
मी थोडं उलट बोलतो, राग मानू नका. माझ्या मुलाला आम्ही दीड महिना घरीच ठेवलं. त्याला आवाज ऐकू यायचे, जेवणात काही टाकलं म्हणून जेवायचा नाही, रात्री उठून बाहेर निघून जायचा. आम्ही कुठं कुठं फिरवलं, धागे बांधले, कोणी म्हटलं लग्न करून द्या. शेवटी ॲडमिट केलं, बारा दिवस, आणि तिथंच त्याला पहिल्यांदा झोप लागली. आज वावर पाहतो तो. नागपुरात तर चौकालाच पागलखाना चौक म्हणतात, असं नाव कानावर असलं की बापाचे पाय लटपटतातच, माझेही लटपटले. पण त्या भीतीपायी आम्ही जो दीड महिना घालवला तो मला आजही सलतो. घरी ठेवा पण डॉक्टरला विचारून ठेवा, डॉक्टरपासून लपवून नाही.

परतून_आलेली:
दादा, मी तुमच्या बहिणीच्या जागी होते. चार वर्षं झाली. मला ॲडमिट नाही केलं, म्हणून मुद्दाम आयडी बनवून लिहितेय.

जिल्हा रुग्णालयातल्या मॅडमनी आईबाबांना बाहेर बसवलं आणि अर्धा तास फक्त माझ्याशी बोलल्या. मग सगळ्यांना आत बोलावून म्हणाल्या की घरी ठेवू, पण माझ्या अटीवर. अटी म्हणजे कोणीतरी एक माणूस कायम सोबत, फवारणीची औषधं घराबाहेर, तीन दिवसांनी परत दाखवायला यायचं, आणि मधे रोज फोन. आमच्या घरात भांडणं फार होती म्हणून त्यांनीच विचारलं, हिला कुठं बरं वाटते? मी म्हटलं मामाकडे. मग मामाकडेच राहिले, दोन महिने.

मॅडमनी माझ्याच हातानं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं होतं. बिघडायला लागलं की मला कसं कळते (माझे हात गार पडायचे आणि मी घडी केलेले कपडे मोडून परत घडी करत बसायची), तेव्हा मी एकटीनं काय करू शकते, तेवढ्यानं नाही झालं तर कोणाजवळ जाऊन बसायचं, मग कोणाला फोन करायचा, शेवटी दवाखान्याचं नाव. ते पान मामीलापण पाठ होतं. माझं दुसऱ्या नंबरचं होतं गोठ्यात वासराजवळ जाऊन बसणं. कोणी हसलं नाही त्याला.

मामी रात्री माझ्या बाजूच्या खाटेवर झोपायची. एक शब्द विचारायची नाही, नुसतं मी कूस बदलली की "जागी आहेस का ग" म्हणायची. त्या एका वाक्यावर मी किती रात्री काढल्या ते मलाच माहीत. दिवसा तिच्यासोबत वेचायला जायची, कधी दोन किलो वेचला कधी काहीच नाही. सोबत राहा पण पहारा देऊ नका, बाथरूमच्या दाराशी उभं राहून हाका मारणं सोडून दुसरं काहीही चालेल. तिचा मोबाईल हिसकू नका, मैत्रिणी त्यातच आहेत. आणि क्लासच्या फीचा विषय घरात कोणीच काढू नका. बाबांनी एकदाच म्हणावं की पैसे गेले तर गेले, तू पाहिजे. माझे बाबा म्हणाले होते, ते पण तीन आठवड्यांनी, तोपर्यंत मी वाट पाहत होते.

समाजकार्य_वर्धा:
मी एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्य शिकलेला आहे, मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करतो, बाबांच्या शंकेचं पहिले सांगतो. पोलीस केसची भीती काढून टाका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ म्हणते की जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. तुमच्या बहिणीनं तर नुसतं मन मोकळं केलं आहे. त्याच कायद्यात १८ च्या आतल्यांना ॲडमिट करणं हे अपवाद म्हणूनच आहे, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासून गरज आहे म्हणावं लागते, मोठ्या पेशंटपासून वेगळं ठेवावं लागते आणि घरचं माणूस पूर्ण वेळ सोबत राहते, मुलगी असेल तर सोबतीला बाईमाणूस. म्हणजे उद्या ॲडमिट करायची वेळ आलीच तरी तिला एकटीला टाकून यायचं नाही आहे, हे तिला आजच सांगा.

घरी इलाज ही काही गावठी कल्पना नाही. फिनलंडमधे तोर्निओ नावाच्या गावी १९८० च्या दशकापासून असं चालते की फोन आला की २४ तासांत टीम भेटते, बहुतेक वेळा पेशंटच्या घरीच, आणि घरचे, मित्र सगळे एकत्र बसून बोलतात, पोराच्या पाठीमागे काही ठरत नाही. लंडनमधे ॲडमिट झालेल्या मुलांना लवकर घरी पाठवून टीम घरी आणि शाळेत जाऊन पाहत होती, २०१८ ला त्याचा अभ्यास आला, दवाखान्यातले दिवस कमी झाले आणि तब्येतीत ती मुलं मागे नाही पडली. पण तिथं टीम घरी येते, आपल्याकडे ती टीम आपल्यालाच जमवावी लागते, हा फरक विसरू नका. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचं काम झालं होतं, गावातलेच लोक शिकवून त्यांनी घरोघरी समुपदेशन केलं, आणि डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणारे शेकडा ४ होते ते दीड वर्षात शेकडा २७ वर गेले. गावातल्या माणसांच्या हातून हे होते.

तुमच्यासाठी रस्ता असा. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसिक आरोग्य विभागात उद्याच न्या, एका डॉक्टरच्या पाच मिनिटांवर थांबू नका. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरलेल्या दिवशी तालुक्याला पण येते, तो दिवस विचारून घ्या म्हणजे पुढच्या खेपा वाचतील. वर्ध्याजवळ सेवाग्राम किंवा सावंगीच्या मेडिकल कॉलेजला ओपीडी आहेच. गोळ्या दिल्या तर गुण यायला दोनचार आठवडे लागतात आणि या वयात सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी वाढू शकते, तेव्हाच लक्ष जास्त ठेवायचं, आणि मनानं बंद करायच्या नाही.

धुऱ्यावरचा_भाऊ:
सगळ्यांचे आभार. काल रात्रीच औषधाचे अकरा डबे निघाले, मलाच धक्का बसला, मावसभाऊ गाडीवर घेऊन गेला. १४४१६ ला मी वीस मिनिटं बोललो. आज जिल्ह्याला गेलो. तिथले डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलले. ठरवलेलं काही नाही म्हणाली. सध्या घरी, सोमवारी परत बोलावलं. आईनं वेचाई सोडली, ती दिवसा सोबत. वहीच्या पानाचं मी तिला परतूनताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं, गोठ्याचं ऐकून म्हणे आपल्याकडे तर वासरूच नाही. मग तिनं स्वतःच लिहिलं, आजीच्या पायाला तेल लावणं.

माझी सुट्टी रविवारी संपते. वाढवून मागितली आहे.

गावातली_आशा:
नाही वाढली तरी तुमच्या गावच्या आशाला भेटून जा, तिचा नंबर आईच्या मोबाईलमधे टाकून द्या. आणि रात्री नऊला रोज फोन करा बहिणीला, ठरल्या वेळी, चुकवू नका.